पत्रांची संहिता आणि पुसलेले नाव : डब्ल्यू. आय. थॉमसचा देशांतर-विचार

१

अमेरिकन समाजशास्त्राची आधुनिक घडण ज्या ग्रंथापासून सुरू झाली असे सामान्यतः मानले जाते, त्या 'द पोलिश पेझंट इन युरोप अँड अमेरिका' या पाच खंडांच्या ग्रंथाकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. १९१८ ते १९२० या काळात प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ विल्यम आयझॅक थॉमस आणि फ्लोरियन झ्नानिएत्स्की या दोघांच्या नावावर आहे. देशांतराचा पहिला मोठा अनुभवनिष्ठ अभ्यास म्हणून समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा आदराने उल्लेख होतो, आणि बहुधा उल्लेखापाशीच विषय संपतो. वस्तुतः या ग्रंथाच्या दोन हजारांहून अधिक पानांपैकी फार मोठा भाग त्याच्या लेखकांनी लिहिलेलाच नाही. पोलिश शेतकरी कुटुंबांतील पत्रे, एका बेकरी-कामगाराचे आत्मकथन, एका वृत्तपत्राकडे आलेली वाचकांची पत्रे, न्यायालयांच्या व मदतसंस्थांच्या नोंदी यांनी ती पाने व्यापलेली आहेत. लेखकांचे विवेचन या सामग्रीच्या आधी, नंतर आणि पुष्कळदा तळटिपांमध्ये येते.

एखादा ग्रंथ अशा रीतीने इतरांच्या शब्दांवर उभा राहतो, तेव्हा त्या शब्दांचा अर्थ कोण ठरवितो आणि त्यांवर नाव कोणाचे लागते, हे प्रश्न केवळ समाजशास्त्राचे राहत नाहीत. ते संहितेचे आणि लेखकत्वाचे प्रश्न होतात. थॉमसच्या कारकिर्दीत ते दोन दिशांनी उभे राहिले. प्रथम तो इतरांचे शब्द हाताळणारा होता; पुढे त्याचेच शब्द इतरांच्या नावावर छापले गेले. या दोन घटना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्याच्या देशांतर-विचाराचे खरे स्वरूप ध्यानी येत नाही.

२

थॉमसचा जन्म १८६३ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील ग्रामीण भागात झाला. समाजशास्त्राकडे तो उशिरा वळला. त्याचे पहिले क्षेत्र भाषा आणि साहित्य हे होते. टेनेसी विद्यापीठात त्याने अभिजात भाषांचे अध्ययन केले आणि तेथेच अध्यापनही केले. टेनेसीच्या डोंगराळ मुलखातील लोकांच्या बोलीत टिकून राहिलेले चॉसर-शेक्सपिअरच्या काळातील शब्द टिपून ठेवण्याचा उद्योग त्याने तरुणपणी केला होता. १८८८-८९ मध्ये तो जर्मनीत बर्लिन आणि ग्योटिंगेन येथे शिकला. लाझारुस आणि श्टाइनथाल यांनी मांडलेल्या लोकमानसशास्त्राशी तेथे त्याचा परिचय झाला. भाषा, मिथके, चालीरीती यांतून एखाद्या समूहाचे मन वाचता येते, ही त्या विचाराची भूमिका होती. परतल्यावर तो ओबर्लिन महाविद्यालयात इंग्रजीचा प्राध्यापक झाला. १८९३ मध्ये, तिशीत असताना, तो नव्यानेच सुरू झालेल्या शिकागो विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागात पुन्हा विद्यार्थी म्हणून दाखल झाला. १८९६ मध्ये त्याला तेथील डॉक्टरेट मिळाली आणि तो त्याच विभागात अध्यापक झाला.

त्याचे प्रारंभीचे समाजशास्त्रीय लेखन आज वाचवत नाही. स्त्री-पुरुषांतील भेदाची मुळे शरीराच्या चयापचयात शोधणारा त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध त्या काळच्या जीवशास्त्रीय समजुतींचेच अपत्य होते. मात्र पुढील दहा-पंधरा वर्षांत त्याने या समजुती क्रमाने टाकून दिल्या. हे परिवर्तन ज्या काळात घडले तो काळ लक्षात घेतला पाहिजे. दक्षिण व पूर्व युरोपातून लक्षावधी लोक तेव्हा अमेरिकेत येत होते. १९०७ मध्ये नेमलेल्या डिलिंगहॅम आयोगाने १९११ पर्यंत ४१ खंडांचा अहवाल सिद्ध केला. या नव्या देशांतरितांविषयीची प्रतिकूल दृष्टी त्यातून बळावली. १९१४ मध्ये एडवर्ड ए. रॉस या प्रतिष्ठित समाजशास्त्रज्ञाने 'द ओल्ड वर्ल्ड इन द न्यू' या पुस्तकात देशांतरितांच्या हीनत्वाची मांडणी वंशाच्या भाषेत केली. याच विचारधारेची परिणती १९२४ च्या कायद्यात झाली. त्या कायद्याने प्रत्येक राष्ट्राचा वाटा १८९० च्या जनगणनेतील त्या राष्ट्रीयांच्या संख्येच्या दोन टक्क्यांवर आणून ठेवला. १८९० हे वर्ष निवडण्यामागील हेतू उघड होता : नव्या देशांतरितांची मोठी लाट त्यानंतरची होती.

आयोगाकडे देशांतरितांविषयीचे आकडे होते. देशांतरित स्वतः काय म्हणत होते, याची गरज त्याच्या तर्कव्यवस्थेला नव्हती. थॉमसने नेमकी ती गरज ओळखली.

३

१९०८ मध्ये हेलन कल्व्हर या शिकागोतील धनवंत महिलेने देशांतरितांच्या अभ्यासासाठी ५०,००० डॉलर दिले. त्या काळच्या मानाने ही रक्कम प्रचंड होती. थॉमसने युरोपात वारंवार प्रवास केला आणि अनेक राष्ट्रगटांचा विचार करून शेवटी पोलिश लोकांवर लक्ष केंद्रित केले. पोलंड तेव्हा नकाशावर नव्हता; १७९५ पासून तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यात वाटला गेला होता. ज्यांना स्वतःचे राज्य नव्हते असे हे लोक शिकागोत इतक्या संख्येने राहत होते की, वॉर्सा आणि लोड्झ यांच्यानंतरचे पोलिश शहर म्हणजे शिकागो असे म्हटले जाई.

पत्रांकडे थॉमसचे लक्ष कसे गेले याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. पोलिश वस्तीच्या एका बोळातून जात असताना वरून टाकलेल्या कचऱ्यात त्याला एक पत्र सापडले. रुग्णालयात शिक्षण घेणाऱ्या एका मुलीने ते आपल्या वडिलांना लिहिलेले होते. आख्यायिका खरी असो वा नसो, पुढची हकिकत अधिक बोलकी आहे. शिकागोतील एका पोलिश दैनिकात जाहिरात देऊन दर पत्रामागे १० ते २० सेंट या दराने पत्रे विकत घेतली गेली. ग्रंथात ७६४ पत्रे आली आणि ती ५० कुटुंबमालिकांत लावली गेली.

या खरेदीचा एक परिणाम संहितेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. पत्रे शिकागोत विकत घेतली असल्यामुळे त्यांतील बहुतेक पत्रे पोलंडहून आलेली आहेत. ती आई-वडिलांनी, भावंडांनी, मागे राहिलेल्या पत्नींनी लिहिलेली आहेत, आणि कित्येक तर लिहिता न येणाऱ्यांनी दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली आहेत. देशांतरिताची स्वतःची उत्तरे पुष्कळदा मिळतच नाहीत. ज्याच्याविषयी हा ग्रंथ आहे तो माणूस अशा मालिकांत दिसतो तो त्याला उद्देशून आलेल्या शब्दांतून : पैशाच्या मागण्या, जहाजाच्या तिकिटाची विनवणी, जमिनीच्या वाटणीचे तंटे, धाकट्या बहिणीच्या हुंड्याची आठवण, पत्र न आल्याबद्दलचा रुसवा. वाचकाला उत्तरांची कल्पना करावी लागते. पत्रात्मक कादंबरीच्या वाचनात वाचकाकडून जे काम घडते तेच येथे घडते. फरक इतकाच की, येथे उत्तरे वगळणारा कादंबरीकार नाही. मौन हे संग्रहाच्या पद्धतीतून निर्माण झालेले आहे.

४

भाषा आणि साहित्य यांच्या संस्कारात वाढलेला थॉमस या पत्रांकडे केवळ माहितीचे भांडार म्हणून पाहत नाही. पत्रांना जोडलेल्या प्रस्तावनेत पोलिश शेतकऱ्याच्या पत्राचा रचनाबंध प्रथम उलगडून दाखविला आहे. या मूळ पत्रप्रकाराला 'वंदनपत्र' असे म्हणता येईल. त्याचा आरंभ ख्रिस्ताच्या स्तुतीच्या ठराविक वाक्याने होतो आणि वाचणाऱ्याने त्याला ठराविक प्रत्युत्तर द्यावे असे गृहीत असते. नंतर आपण देवाच्या कृपेने सुखरूप आहोत, आपणांसही तसेच सुख लाभो, हा मजकूर येतो. शेवटी कुटुंबातील एकेका व्यक्तीचे नाव घेऊन वंदन असते. मधला बातमीचा भाग पुष्कळदा अगदी थोडा.

मराठी वाचकाला हा रचनाबंध परका वाटणार नाही. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' आणि 'इकडील सर्व क्षेम, तिकडील कुशल लिहीत जाणे' या सूत्रांमधून आपल्याकडील कौटुंबिक पत्रांनीही दीर्घकाळ हेच कार्य केले. माहितीच्या दृष्टीने ही सूत्रे रिकामी असतात. नात्याच्या दृष्टीने मात्र त्यांतच सर्व काही असते. थॉमस-झ्नानिएत्स्की यांचे प्रतिपादन याच दिशेने जाते. वंदनपत्राचे प्रयोजन बातमी कळविणे हे नसून, अंतर पडले तरी कुटुंबाचे ऐक्य अभंग आहे हे प्रकट करणे हे आहे. म्हणून ते लिहिणे हे कर्तव्य ठरते. इतर प्रकार या मूळ प्रकाराचेच विस्तार होत. समारंभपत्र, वृत्तपत्र या अर्थाने नव्हे तर वृत्त सांगणारे पत्र, भावपत्र, व्यवहारपत्र अशी ही वर्गवारी आहे. आणि तीत चक्क 'साहित्यिक पत्र' हाही एक वर्ग आहे. गावातील समारंभात गाणी, पद्ये, भाषणे होत. दूर गेलेला माणूस त्यांत भाग घेऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने पद्यमय पत्र जाते. साहित्य येथे अनुपस्थित माणसाचा प्रतिनिधी म्हणून कार्य करते.

या विवेचनाचे महत्त्व असे की, समाजातील बदल तेथे पत्राच्या रूपातील बदलातून वाचला जातो. वंदनांची यादी आखूड होते, ठराविक सूत्रे गळतात, पैशाचा हिशेब वरचढ होतो, पती-पत्नींच्या पत्रांतून कुटुंबाचा उल्लेख मागे पडून 'तू' आणि 'मी' पुढे येतात. कुटुंबसंस्थेचे शिथिल होणे कोणीही विधानरूपाने सांगत नाही. ते रूपात घडते. विद्यमान आचारनियमांचा व्यक्तींवरील प्रभाव कमी होणे म्हणजे सामाजिक विघटन, ही या ग्रंथाची सुप्रसिद्ध व्याख्या पत्रांच्या वाचनाजवळ ठेवली की सजीव होते. एरवी ती कोरडी वाटते. विघटनाला जोडून पुनर्घटनेचा विचारही ग्रंथात आहे. चौथ्या खंडात 'गाझेता श्व्योंतेच्ना' या शेतकऱ्यांत वाचल्या जाणाऱ्या पोलिश वृत्तपत्राकडे आलेली पत्रे आहेत. कुटुंबाला लिहिणारा शेतकरी तेथे अनोळखी वाचकसमूहाला लिहू लागतो, आणि 'आम्ही' या शब्दाची व्याप्ती बदलते.

मराठी इतिहासलेखनाला पत्रांचे मोल सांगावे लागत नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करताना दप्तरांतील पत्रांनाच इतिहासाचा पाया मानले. परंतु ती पत्रे प्रामुख्याने सत्ता आणि वतने यांच्याशी निगडित असलेल्यांची होती. ज्याच्या घरी दप्तर असण्याचा संभव नाही अशा माणसाचे पत्र साधन म्हणून स्वीकारणे, ही थॉमसने घेतलेली पुढची पायरी होय.

५

झ्नानिएत्स्कीचा या उपक्रमातील प्रवेश हा स्वतःच देशांतराचा एक अध्याय आहे. १८८२ मध्ये जन्मलेला हा पोलिश तत्त्वचिंतक तरुणपणी कवी होता. १९०३ मध्ये त्याचे 'केओप्स' हे दीर्घकाव्य प्रसिद्ध झाले होते. राजकीय कारणांनी रशियन अमलाखालील वॉर्सात त्याला विद्यापीठीय पद मिळणे शक्य नव्हते. देशांतर करणाऱ्यांना साहाय्य करणाऱ्या तेथील एका संस्थेचे काम तो पाहत होता. १९१३ मध्ये थॉमसशी त्याची भेट झाली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि तो शिकागोला येऊन पोहोचला. प्रारंभी अनुवादक व साहाय्यक म्हणून काम करणारा हा माणूस ग्रंथ पूर्ण होईपर्यंत सहलेखक झाला होता. ग्रंथाच्या आरंभीची पद्धतिविषयक टिपणी, आणि 'वृत्ती' व 'मूल्य' या कोटींची तात्त्विक बांधणी, यांत त्याचा वाटा मोठा आहे.

तिसरा खंड व्वादेक नावाच्या बेकरी-कामगाराच्या आत्मकथनाने व्यापला आहे. पोलंडमध्ये व जर्मनीत भटकंती करून शिकागोला आलेल्या आणि त्या वेळी बेकार असलेल्या या तरुणाने ते मोबदला घेऊन लिहिले. मूळ हस्तलिखित बरेच मोठे होते. छापताना ते आखूड करण्यात आले. व्यक्तीची संपूर्ण जीवनकथा हेच समाजशास्त्रीय सामग्रीचे परिपूर्ण रूप होय, असा निर्वाळा थॉमस-झ्नानिएत्स्की यांनी या संदर्भात दिला. मात्र त्या कथेच्या पानापानाखाली त्यांच्या टिपा आहेत. वर व्वादेक आपल्या प्रेमप्रकरणांविषयी, भावाशी झालेल्या भांडणांविषयी, नोकऱ्या सुटण्याविषयी सांगत असतो. खाली दोन विद्वान त्याच्या प्रत्येक कृतीचे वर्गीकरण करीत असतात. माणसांचे तीन प्रकार त्यांनी कल्पिले : रूढीला चिकटणारा फिलिस्टाइन, अस्थिर बोहेमियन आणि सर्जनशील व्यक्ती. यांतील पहिल्या दोन संज्ञा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्यव्यवहारातून आलेल्या आहेत, ही गोष्ट सूचक आहे. पण व्वादेकचे निवेदन या चौकटींत मावत नाही. त्याची बढाई, त्याची स्वतःविषयीची करुणा, भाकरीच्या भट्टीविषयीचे त्याचे बारकावे टिपांच्या वर शिल्लक राहतात. एकाच पानावर दोन निवेदक आहेत आणि ज्याच्या हाती संपादन आहे तोच अधिक पटणारा आहे असे नाही.

६

ग्रंथाचे पहिले दोन खंड १९१८ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोतील एका हॉटेलात थॉमसला अटक झाली. त्याच्यासमवेत फ्रान्समधील युद्धआघाडीवर असलेल्या एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी होती. न्यायालयात आरोप टिकले नाहीत. परंतु वृत्तपत्रांनी प्रकरण गाजविले होते आणि विद्यापीठाने न्यायालयाची वाट न पाहता त्याला पदावरून दूर केले. थॉमसची पत्नी शांततावादी चळवळीत क्रियाशील होती, आणि युद्धकाळात सरकारी यंत्रणेची त्या घरावर नजर असावी, असा तर्क पुढील अभ्यासकांनी केला आहे. सुमारे पाव शतक ज्या संस्थेत त्याने घालविले तेथील मुद्रणालयाने उरलेले खंड छापले नाहीत. ते १९१९-२० मध्ये बोस्टनच्या रिचर्ड बॅजर या प्रकाशकाने काढले.

याहून मूलगामी घटना १९२१ मधील आहे. कार्नेगी प्रतिष्ठानच्या अर्थसाहाय्याने देशांतरितांच्या अमेरिकीकरणावर एक ग्रंथमाला निघत होती. तीमधील 'ओल्ड वर्ल्ड ट्रेट्स ट्रान्सप्लांटेड' हे पुस्तक मुख्यतः थॉमसने लिहिले. मात्र त्याचे नाव मुखपृष्ठावर येऊ देणे प्रायोजकांना मान्य नव्हते. पुस्तक रॉबर्ट पार्क आणि हर्बर्ट मिलर यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. या पार्कला शिकागो विद्यापीठात आणण्यात थॉमसचाच पुढाकार होता. देशांतरितांनी आपला भूतकाळ पुसून टाकावा या मागणीचा प्रतिवाद हा या पुस्तकाचा गाभा आहे. जुन्या देशातील स्मृती आणि संस्था नष्ट करून नवा नागरिक घडत नाही. त्या स्मृतींच्या आधारेच तो नव्या जीवनात पाय रोवतो, असे ते सांगते. स्मृती पुसण्याविरुद्ध लिहिलेल्या पुस्तकावरून लेखकाचेच नाव पुसले गेले. १९५१ मध्ये त्याचे लेखकत्व मान्य करणारी आवृत्ती निघाली, तेव्हा थॉमसच्या मृत्यूला चार वर्षे होऊन गेली होती.

१९१८ नंतर थॉमसला कोणत्याही विद्यापीठात स्थायी पद मिळाले नाही. न्यू यॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये आणि पुढे अल्पकाळ हार्वर्डमध्ये त्याने अध्यापन केले. तरुण समाजशास्त्रज्ञांच्या आग्रहामुळे १९२७ मध्ये अमेरिकन समाजशास्त्र परिषदेचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले. १९२८ मधील एका पुस्तकात डोरोथी स्वेन थॉमससह त्याने मांडलेला एक विचार त्याच्या नावाने सिद्धान्त म्हणून ओळखला जातो : माणसे एखादी परिस्थिती खरी मानून चालली की त्या मानण्याचे परिणाम खरोखरच घडतात. प्रायोजकांनी आणि विद्यापीठाने त्याला 'कलंकित' मानले आणि त्याचे परिणाम त्याने तीन दशके भोगले. या विचाराला त्याच्या आयुष्याइतके समर्पक उदाहरण दुसरे नसावे.

७

१९३८ मध्ये अमेरिकेतील समाजविज्ञान संशोधन परिषदेसाठी हर्बर्ट ब्लूमरने 'पोलिश पेझंट'ची कठोर चिकित्सा केली. ती १९३९ मध्ये प्रसिद्ध झाली. ग्रंथातील सिद्धान्त पत्रांतून निष्पन्न झालेले नाहीत आणि पत्रांनी ते सिद्धही होत नाहीत, हा त्याचा मुख्य आक्षेप होता. त्याच पत्रांचा दुसरा अर्थही लावता येईल, आणि अशा दोन अर्थांतून निवड करण्याची निर्णायक कसोटी ग्रंथ पुरवीत नाही. तरीही लेखकांची विवेचने पटतात, असे ब्लूमरने मान्य केले. त्यांचे श्रेय त्याने पद्धतीला न देता लेखकांच्या त्या जीवनाशी असलेल्या सखोल परिचयाला दिले. या चिकित्सेवरील चर्चेत थॉमस उपस्थित होता आणि आक्षेपाचा बराचसा भाग त्याने स्वीकारला.

विज्ञानाच्या कसोटीवर हा दोष आहे. साहित्यसमीक्षेला मात्र ही स्थिती परिचयाची आहे. अर्थनिर्णयन संहितेतून यांत्रिकपणे निघत नाही आणि संहिता त्याला अंतिम पुरावाही देत नाही. असे असूनही काही वाचने अधिक सखोल असतात. ब्लूमरने नकळत जे दाखवून दिले ते असे की, 'पोलिश पेझंट' हा मूलतः वाचनाचा ग्रंथ आहे. त्यातील चार इच्छांचा सिद्धान्त आज कोणी वापरीत नाही. पत्रे मात्र वाचली जातात, आणि थॉमस-झ्नानिएत्स्की यांच्या चौकटीविरुद्धही वाचली जातात. हे शक्य होते, कारण त्यांनी ती सारांशरूपाने न देता समग्र छापली. आपल्या सिद्धान्ताला आव्हान देण्याची सामग्री त्यांनी स्वतःच वाचकाच्या हाती दिली.

या पद्धतीचा पुढील प्रवास साहित्याच्या जवळून गेला. १९२० मध्ये झ्नानिएत्स्की स्वतंत्र पोलंडमध्ये पोझ्नान येथे परतला आणि १९२१ मध्ये त्याने कामगारांच्या आत्मचरित्रांची स्पर्धा घेतली. तीमधून पुढे आलेल्या याकुब वोइचेखोव्स्की या कामगाराचे आत्मचरित्र १९३० मध्ये ग्रंथरूपाने निघाले आणि पोलिश साहित्यवर्तुळातही त्याची दखल घेतली गेली. समाजशास्त्रज्ञाने साधन म्हणून मागविलेले लेखन साहित्य म्हणून वाचले गेले. आणि व्वादेकच्या उलट, या कामगाराचे पूर्ण नाव मुखपृष्ठावर होते. दुसऱ्या महायुद्धाने झ्नानिएत्स्कीला पुन्हा अमेरिकेत नेले. इलिनॉय विद्यापीठात अध्यापन करून १९५८ मध्ये तो तेथेच वारला. देशांतराच्या या अभ्यासकाला स्वतःच्या देशात परतता आले नाही.

मराठीत 'बलुतं' (१९७८) आणि 'उपरा' (१९८०) यांच्या प्रकाशनानंतर दलित आत्मकथनांना 'सामाजिक दस्तऐवज' म्हणावे की 'साहित्य' म्हणावे हा वाद झडला. पुष्कळदा पहिली संज्ञा गौरवासारखी वापरली गेली आणि तिचा परिणाम कृतीला साहित्याच्या उंबरठ्याबाहेर ठेवण्यात झाला. थॉमसच्या कारकिर्दीचा इतिहास या वादातील एक गृहीतक तपासायला लावतो. 'दस्तऐवज' ही संहितेची जात नाही. ती संहितेशी वाचकाने जोडलेल्या संबंधाची संज्ञा आहे. वंदनपत्राचे रूप ज्याने पाहिले त्यालाच त्यातील समाज दिसला. रूपाकडे दुर्लक्ष करून आशय उचलणाऱ्या आयोगाला ४१ खंडांतही तो दिसला नाही. त्याचबरोबर दस्तऐवज म्हणून वाचण्यात एक सत्ता असते. दहा सेंटांना पत्र घेणारा, आत्मकथन आखूड करणारा, तळटीप लिहिणारा आणि मुखपृष्ठावरील नावे ठरविणारा, या सर्वांच्या हाती ती कमीअधिक प्रमाणात असते. थॉमसने ती वापरली आणि त्याच्यावरही ती वापरली गेली. १९५१ च्या आवृत्तीने त्याचे नाव त्याला परत दिले. पत्रे लिहिणाऱ्या आणि लिहवून घेणाऱ्या शेतकरी स्त्री-पुरुषांच्या बाबतीत तशी दुरुस्ती शक्य नाही. त्यांच्यासाठी उरतो तो वाचनाचाच मार्ग, आणि तो थॉमसने खुला ठेवला आहे.